आदिलाबादहून विमान कसे पकडावे

पायरी पहिली : विमानतळ निवडणे

आदिलाबादला धावपट्टी आहे. ती निजामाच्या राजवटीतली आहे, जागा हवाई दलाच्या ताब्यात आहे आणि रस्ता विचारला तर कोणीही हात लांब करून दाखवतो. नाही ते फक्त विमान. एप्रिल २०२५ मध्ये हवाई दलाने इथे नागरी विमाने उतरवायला संमती दिली, तेव्हा शहरात आनंदीआनंद झाला. आसपासच्या प्लॉटांचे दलाल सर्वांत आधी जागे झाले असतील, असे धरून चालायला हरकत नाही.

नवशिक्याने मात्र संमती आणि वेळापत्रक यांची गल्लत करू नये. संमतीनंतर जमीन, जमिनीनंतर निविदा, निविदेनंतर धावपट्टी, धावपट्टीनंतर परवाना, आणि एवढे सगळे झाल्यावर एखाद्या कंपनीला इथून विमानभर माणसे निघतील असे वाटलेच, तर विमान. तोवर आपल्याला शेजाऱ्यांच्या विमानतळावर जायचे आहे.

शेजारी तीन आहेत. उत्तरेला नागपूर, महामार्ग ४४ ने सुमारे दोनशे किलोमीटर. पैनगंगा ओलांडली की पांढरकवडा, हिंगणघाट, बुटीबोरी, आणि सोनेगावचा विमानतळ वर्धा रोडला लागूनच, शहराच्या अलीकडे. आपल्या बाजूने येणाऱ्याला गावात शिरावेच लागत नाही. दक्षिणेला हैदराबाद, सुमारे तीनशे किलोमीटर. निर्मल, आर्मूर, कामारेड्डी करत मेडचल आले की बसमधले लोक 'आलंच हैदराबाद' म्हणून पिशव्या काढायला लागतात. तुम्ही काढू नका. शमशाबादचा विमानतळ शहराच्या पलीकडच्या टोकाला आहे आणि मधे अख्खे हैदराबाद पडलेले आहे.

तिसरे नांदेड. नकाशावर सगळ्यांत जवळचे आणि भरवशाला सगळ्यांत दूरचे. २७ एप्रिल २०१७ ला 'उडान' योजनेतली देशातली पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते. पुढे ती कंपनीच बंद पडली, मग काही काळ शांतता, मग २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीची विमाने. म्हणून नियम असा: नागपूरचे विमान किती वाजता आहे ते बघावे, नांदेडला विमान आहे का ते बघावे.

हे सगळे वाचून तुम्ही अंतरावरून विमानतळ निवडायला निघाला असाल, तर थांबा. विमानतळ नातेवाइकांवरून निवडायचा असतो. सकाळी सहाच्या विमानाला तुम्ही आदिलाबादहून निघणार कधी, आणि रात्रीचे टेकणार कुठे? मावसबहीण नागपूरला असेल तर नागपूर. जावई कुकटपल्लीत असेल तर हैदराबाद. दोन्हीकडे कोणी नसेल तर दुपारचे विमान.

पायरी दुसरी : वेळापत्रक वाचणे

विमान कंपन्यांचे वर्ष खरीप-रब्बीसारखे दोन हंगामांचे असते. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागू होते, हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि आपल्याकडे त्याला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मंजुरी लागते. त्यामुळे दिवाळीत घरी आलेला मुलगा 'मी दुपारच्या विमानानं आलो' म्हणाला, म्हणून उन्हाळ्यात लग्नाला निघालेल्या काकांना ते दुपारचे विमान भेटेलच, असे नाही. पेरा बदललेला असतो.

वेळापत्रकात वारांच्या जागी आकडे दिसतील. १ म्हणजे सोमवार, ७ म्हणजे रविवार. नवशिके १ म्हणजे रविवार धरतात. ही चूक परवडते, कारण एक दिवस आधी पोहोचलेल्या माणसाचे विमान चुकत नाही.

उलटी चूक मात्र महाग पडते आणि ती करणारे बहुतेक घरातले सर्वांत शहाणे गृहस्थ असतात. समजा, तिकिटावर लिहिले आहे: गुरुवार, ००.३५. आजोबा म्हणतात, गुरुवारचे विमान आहे, गुरुवारी जेवून निघू. आजोबांचे चूक नाही. पंचांगात वार सूर्योदयाला सुरू होतो. बुधवारी रात्री कितीही वाजले तरी उजाडेपर्यंत तो बुधवारच. विमान कंपनीचा वार मात्र मध्यरात्री पालटतो. ००.३५ चे गुरुवारचे विमान म्हणजे आपल्या भाषेत बुधवारची रात्र. हैदराबादहून आखाताकडे जाणारी बरीच विमाने अशा आडवेळेलाच असतात. म्हणजे बुधवारी रात्री नऊ-साडेनऊला शमशाबादला उभे राहायचे आणि त्यासाठी बुधवारी दुपार व्हायच्या आत आदिलाबाद सोडायचे. आजोबांशी वाद घालू नका. त्यांना फक्त 'बुधवारी निघायचंय' एवढेच सांगा. तिकीट दाखवू नका.

सुटण्याची वेळ म्हणजे विमान हवेत जाण्याची वेळ नव्हे. ते आपल्या थांब्यावरून हलले की सुटले, असे धरतात. पोहोचण्याची वेळही तशीच, पलीकडे थांब्याला लागल्यावरची. पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा हिशेबात उशीरच नाही. शिवाय वेळापत्रकात प्रवासाचा वेळ मुळातच थोडा सैल लिहितात. त्यामुळे विमान उशिरा सुटते, 'वेळेआधी' पोहोचते आणि सगळे प्रवासी खूश होतात. ही युक्ती एसटीला अजून कशी सुचली नाही, कोण जाणे.

आता कनेक्टिंगविषयी. आपल्या शेजारचे नागपूर या विद्येचे जुने माहेर आहे. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार विमाने मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरला उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करत आणि सकाळपर्यंत आपापल्या गावी परत जात. अदलाबदल करायची म्हणजे एकमेकांची वाट पाहणे आलेच. आजची विमाने कोणाची वाट पाहत नाहीत. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील, तर पहिल्याच्या उशिरामुळे दुसरे हुकल्यावर पुढची सोय कंपनीने लावायची असते. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही फक्त न आलेले प्रवासी. आदिलाबादहून नागपूरला नेणारी बस तर कोणाच्याच तिकिटात नसते. पांढरकवड्याला टायर बसला, हे कारण जगातल्या कोणत्याही चेक-इन काउंटरवर चालत नाही.

वेळापत्रक कशामुळे कोसळते? धुके, पाऊस, बिघाड ही नेहमीची उत्तरे. डिसेंबर २०२५ मध्ये एक नवे उत्तर मिळाले: वैमानिकांची झोप. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्णपणे लागू झाले, देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची, इंडिगोची, तेवढ्या वैमानिकांची तयारी नव्हती, आणि ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणे रद्द झाली. नंतर सरकारने त्या कंपनीला उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करायला लावली. वेळापत्रक हा कागद आहे. तो माणसांच्या झोपेवर उभा असतो. पण हे समजून तुम्हाला काही करता येत नाही, तेव्हा पुढे चला.

पायरी तिसरी : पीएनआर होणे

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक लोक ती दुसऱ्याकडून करून घेतात.

आदिलाबादच्या माणसाला पीएनआर ठाऊक असतो तो रेल्वेचा, दहा आकड्यांचा. विमानाचा सहाच अक्षरांचा असतो, त्यात आकडे आणि इंग्रजी अक्षरे यांची सरमिसळ. या सहा अक्षरांमागे तुमची नोंद असते. विमान कंपनी तुम्हाला ओळखत नाही, त्या नोंदीला ओळखते. तुम्ही वर्धा रोडवर उभे असाल आणि नोंद रद्द झालेली असेल, तर तुम्ही नाही. नोंद शाबूत असेल आणि तुम्ही अजून हिंगणघाटला असाल, तर काउंटर बंद होईपर्यंत तुम्ही आहात.

या नोंदींची गोष्ट मोठी मजेशीर आहे. पूर्वी जागांचा हिशेब कार्डांवर, हाताने ठेवत. १९५३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष आणि आयबीएमचा एक विक्रेता योगायोगाने विमानात शेजारी बसले. दोघांचेही आडनाव स्मिथ. त्या गप्पांतून पुढे 'सेबर' नावाची संगणकीय आरक्षण व्यवस्था झाली आणि १९६० च्या दशकात ती कामाला लागली. सगळ्या जगाची नावे एका साच्यात बसवणारी यंत्रणा दोन स्मिथांच्या ओळखीतून निघावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. त्या बाकावर एखादा कुमरा, एखादा मेश्राम किंवा घरनाव आधी लिहिणारा एखादा रेड्डी असता, तर आपले काम सोपे झाले असते.

कारण नोंदीत पाच गोष्टी लागतात: नाव, प्रवास, संपर्काचा फोन, तिकिटाचा तपशील आणि ही नोंद कोणाच्या सांगण्यावरून केली त्याचे नाव. पैकी नाव आणि फोन या दोन ठिकाणी आदिलाबादचा माणूस अडकतो.

आधी नाव. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यांची फेररचना झाली, रेघ ओढली गेली, आणि एकाच घराण्याची माणसे दोन राज्यांच्या कागदपत्रांत गेली. समजा, दोन चुलतभाऊ आहेत आणि आजोबांच्या नावावरून दोघांचीही नावे विठ्ठल. किनवटच्या विठ्ठलच्या आधारवर 'विठ्ठल गणपत जाधव' आहे. बेला मंडलातल्या विठ्ठलच्या आधारवर, तेलंगणातल्या रीतीप्रमाणे घरनाव पुढे घेऊन, 'जाधव विठ्ठल' आहे. दोघे एकाच दुकानात तिकिटे काढतात. फॉर्ममध्ये 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' अशा दोन चौकटी असतात. दुकानातला पोरगा कार्ड डावीकडून उजवीकडे वाचतो आणि भरतो. किनवटचे विठ्ठल होतात विठ्ठल गणपत, आडनाव जाधव. बेल्याचे होतात जाधव, आडनाव विठ्ठल. मग यंत्रणा आडनाव पुढे घेते, तिरकी रेघ मारते, नाव लावते आणि त्यालाच 'एमआर' चिकटवते, मधे जागा न सोडता. बोर्डिंग पासवर छापून येते: विठ्ठल/जाधवएमआर. काका विचारतात, "हा एमआर कोण?" सांगा, तुम्हीच. काकूंना 'एमआरएस' मिळेल, नातवाला 'एमएसटीआर'. घाबरण्याचे कारण नाही.

देशांतर्गत प्रवासात पुढची-मागची अदलाबदल सहसा निभावून जाते. अक्षर मात्र चुकू देऊ नये. चूक सापडलीच तर लगेच बोला. तिकीट थेट कंपनीकडून काढले असेल आणि चोवीस तासांच्या आत दाखवून दिले, तर त्याच माणसाच्या नावातली दुरुस्ती विनाशुल्क करून द्यावी, असा नियम आहे. 'थेट' या शब्दाकडे लक्ष असू द्या. झेरॉक्स, रिचार्ज, पासपोर्ट फोटो आणि विमान तिकीट हे सगळे एकाच काउंटरवर मिळते ते दुकान म्हणजे 'थेट' नव्हे.

ज्यांच्या कार्डावर एकच नाव आहे, अशी बरीच वडीलधारी माणसे आपल्याकडे आहेत. फॉर्मला आडनावाची चौकट रिकामी चालत नाही. अशा वेळी तेच नाव दोन्ही चौकटींत भरायला सांगतात. भीमबाई भीमबाई. ऐकायला हाक मारल्यासारखे वाटते, पण चालते. परदेशी जाताना मात्र ही मखलाशी पुरत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर येऊ देणे बंद केले. दुबईतल्या मुलाला भेटायला निघालेल्या आईने तिकिटाच्या आधी पासपोर्ट उघडून बघावा.

आता फोन. इथे नीट लक्ष द्या, कारण सारे वेळापत्रक या एका चौकटीतून तुमच्यापर्यंत पोहोचते.

तुम्ही दुकानात म्हणता, "अन्ना, नागपूर-पुणे काढून दे." अन्ना भला माणूस आहे. तुमच्याकडे ईमेल नाही, फोन साधा आहे, म्हणून तो स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ईमेल घालतो. पैसे घेतो, प्रिंट देतो, वर लॅमिनेशन करून देतो. इथे तुमच्या मते तुमचे तिकीट निघाले. कंपनीच्या मते अन्नाचे निघाले. त्यानंतर विमान चार तास आधी आले, संध्याकाळवर ढकलले, रद्द झाले, काहीही झाले तरी निरोप अन्नाला जातो. अन्नाच्या फोनवर असे पन्नास निरोप येतात आणि त्या दिवशी तो साडूच्या लग्नात उटनूरला असतो. तुम्ही लॅमिनेट केलेला कागद घेऊन पहाटेच्या बसमध्ये बसलेले असता.

मुंबईच्या माणसाचे विमान चार तासांनी ढकलले तर तो वैतागतो आणि घरी झोपतो. आदिलाबादच्या माणसाला ते सोनेगावला पोहोचल्यावर कळते.

नियम काय सांगतो तेही बघा. ऐनवेळी विमान रद्द झाले आणि कंपनीने वेळेत कळवले नाही, तर उड्डाणाच्या लांबीनुसार पाच, साडेसात किंवा दहा हजार रुपये, किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांतले जे कमी ते भरपाई म्हणून द्यावे लागते. हवामान वगैरे कंपनीच्या हाताबाहेरची कारणे वगळून. पण त्याच नियमात एक ओळ आहे: ज्या प्रवाशाने बुकिंगच्या वेळी पुरेसा संपर्क दिला नाही, त्याला भरपाई नाही. अन्नाचा नंबर दिला असेल तर कंपनी म्हणणार, आम्ही कळवले होते. तिचे खरेच आहे. अन्नाला कळवले होते.

तेव्हा दुकानात उभे असतानाच आपला नंबर घालून घ्या. अन्नाला राग येणार नाही. आलाच तर चहा पाजा. नंबर घातल्यावर दोन पीएनआर मागून घ्या, कारण बऱ्याचदा दुकानाच्या यंत्रणेचा एक असतो आणि विमान कंपनीचा दुसरा, आणि काउंटरवर फक्त दुसरा चालतो.

नोंदीत आणखी बारीकसारीक खुणा भरता येतात. शाकाहारी जेवण 'एव्हीएमएल', जैन जेवण 'व्हीजेएमएल', चाकाची खुर्ची 'डब्ल्यूसीएचआर'. अमेरिकेत मुलांकडे निघालेल्या आईवडिलांच्या नोंदीत ही शेवटची खूण इतकी आढळते की, माहूरगडाच्या पायऱ्या दम न खाता चढणारे काका विमानतळावर एकदम खुर्चीत दिसतात. खुर्चीबरोबर इमिग्रेशनपर्यंत नेणारा माणूस मिळतो, हे त्यामागचे गुपित. खरोखर गरज असणाऱ्याला मग ताटकळावे लागते. काकांना हे सांगून बघा, ऐकणार नाहीत.

पायरी चौथी : माहिती कोण वाचते

सगळेच. परदेशी जाणाऱ्याची नोंद कंपनीने उड्डाणाच्या किमान चोवीस तास आधी सीमाशुल्क खात्याला पाठवायची, असे नियम ऑगस्ट २०२२ मध्ये आले. खाते ती पाच वर्षांपर्यंत ठेवू शकते. कधीकधी ज्यांनी वाचू नये तेही वाचतात. २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केले, की तिच्यासाठी प्रवासी नोंदी सांभाळणाऱ्या यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती फुटली. नावे, जन्मतारखा, पासपोर्टचा तपशील.

हल्लेखोर आपल्यासाठी एवढी तकलीफ कशाला घेतील, असे म्हणाल तर तेही खरे. आपण ती माहिती स्वतःच वाटतो. पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस बोर्डिंग पासचा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवतो. त्यावर पीएनआर असतो, आडनाव असते. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर तिकीट उघडायला एवढ्या दोनच गोष्टी लागतात, आणि अक्षरे बोटाने झाकली तरी चौकोनी बारकोडमध्ये तीच माहिती भरलेली असते. फोटो खिडकीतून पंखाचा काढावा. पंखावर तुमचे नाव नसते.

पायरी पाचवी : प्रत्यक्ष प्रवास

विमान सुटण्याच्या तासभर आधी काउंटर बंद होतो. एवढेच लक्षात ठेवा. बाकीचे बाण दाखवतात.

नेहमीचे प्रश्न

*तिकिटावर 'टर्मिनल' रिकामे आहे. चूक आहे का?* नागपूरला प्रवाशांची इमारत एकच आहे. चुकायची सोय नाही.

*विमानतळावर नाव पुकारतात का?* हल्ली पुकारणे कमी होत चालले आहे. फलक बघत राहा, आणि बघता बघता डुलकी लागणार असेल तर शेजारच्याला सांगून ठेवा. तो मराठी, तेलुगू किंवा उर्दू यांतले काहीतरी बोलत असेलच.

*आदिलाबादचा विमानतळ सुरू झाला की ही मार्गदर्शिका रद्द होईल का?* पहिली पायरी रद्द होईल. अन्नाचे दुकान राहील.

*विमान रद्द झाले तर नागपूरपर्यंतच्या बसचे भाडे कोण देते?* तुम्ही. परतीचेही.